हाताचा रोज, डोक्याचा रोज

आमच्या वाडीतल्या गवंड्याला नुसतं "रोज किती" असं कोणी विचारत नाही. "हाताचा किती आणि डोक्याचा किती" असं विचारतात. जो भिंतीत दगड लावतो त्याला हाताचा रोज. जी डोक्यावर घमेलं वाहते तिला डोक्याचा. मी चाळीस वर्षं डोक्याचा घेतला आणि माझ्या नवऱ्याने, गोमाजीने, हाताचा. तो जाऊन नऊ वर्षं झाली. त्याचा हात माझ्या लेकाने, भरतने, उचलला, असं मी सगळ्या पोलादपूर तालुक्यात सांगत फिरत होते. यंदाच्या वैशाखातल्या त्या मंगळवारपर्यंत सांगत होते.

आमची वाडी कापडे गावाच्या वर, तासभर चढून गेल्यावर लागते. पावसात भात, बाकीचे आठ महिने दगड. आम्ही बिनसिमेंटची भिंत बांधतो, नुसता दगडात दगड बसवून. सिमेंटच्या भिंतीला डोंगराचं पाणी मागून ढकलतं आणि दोनतीन पावसात तिचं पोट फुगतं. आमच्या भिंतीतून पाणी आपलं आपण वाट काढून जातं, भिंत जागची हलत नाही. म्हणून कशेडी घाटाच्या पायथ्याचे हॉटेलवाले आमच्याच वाडीला बोलावतात. मध्ये ठेकेदार असतो, पण आम्ही त्याचे नोकर नव्हे. हत्यारं आमची, हात आमचा, भाकर आमची. पाऊस आला, दरड आली, ताप आला, तर त्या दिवसाचं आम्हाला कोणी काही देत नाही. म्हणून रोज आधी ठरवून घ्यावा लागतो, आणि सगळ्यांनी एकच सांगायचा असतो. एक जण खाली उतरला की सगळी वाडी खाली उतरते.

हा रोज शिमग्यात ठरतो, मुंबईची माणसं गावी आलेली असतात तेव्हा. देवळाच्या मंडपात बापये बसतात, बायका पायरीवर. मी मात्र आत बसते. कोणी मला बस म्हटलं नव्हतं आणि ऊठ म्हणायची कोणाची छाती नाही. वाडीची वही काशीरामकडे असते. तो माझा चुलत दीर.

यंदा हाताचा रोज अकराशे ठरला. तेवढ्यात पायरीवरून माझी सून अक्षदा बोलली, "डोक्याचं पण वाढवा की. आणि कधी कधी बाई पण दगड लावते. तिला काय द्यायचं?"

मला कानकोंडं झालं. माझ्या घरची सून आणि सभेत तोंड उघडते! मी बसल्या जागेवरून वळले.

"नवरा हाताचे अकराशे आणतोय ते गोड नाय लागत काय गो? ठेकेदाराचा खिसा एकच असतो. बाईचे वाढले की बाप्याचे कापील तो."

"पण आत्याबाई..."

"पण नाय नि बिण नाय. काशीराम, लिही. बाई कुठलंही काम करो, बाईचा रोज पाचशे."

बापये हसले. काशीरामने माझेच शब्द वहीत उतरवले. मुंबईच्या कोणा पोराने त्या पानाचा फोटो काढला आणि महाडपासून खेडपर्यंतच्या सगळ्या ठेकेदारांना पाठवला. मी दुसरीतून शाळा सोडलेली बाई. माझं वाक्य शेठ लोकांच्या फोनात गेलं म्हणून आठ दिवस मी चुलीपुढे सुद्धा ताठ बसत होते.

वैशाखात भरत आणि अक्षदा घाटाखाली एका हॉटेलच्या मागची भिंत बांधत होते. ठेकेदार महाडचा, दत्ताराम शेठ. वाडीतली बाकीची माणसं त्याच्याच दुसऱ्या कामांवर होती. एका सोमवारी भरत जेवताना म्हणाला, "शेठ रोज तोडायचा म्हणतोय."

"का म्हणून?"

"काय की."

आत अक्षदाच्या हातातून पातेलं पडलं.

"मी येते उद्या," मी म्हटलं.

"आये, तू नको. मी बघतो."

"तू काय बघणार रे? तू बोललास तर शेजारच्या कोंबडीला पण ऐकू जात नाय."

सकाळी मला न सांगता दोघं अंधारातच निघून गेली. मला वाटलं, लाजतोय लेक, आई भांडायला आली तर चारचौघांत कसं दिसेल. मी भाकरी खाल्ली, नऊवारी नीट चोपून नेसले आणि खाली उतरून मिनिडोर धरली.

"काकी, कुठं स्वारी?" ड्रायव्हरने विचारलं.

"भांडायला."

"मग परतीचं भाडं घेऊ की नको?"

"परतीचं दत्ताराम शेठ देईल. तू गाडी चालव."

हॉटेलच्या मागे जमीन एकदम खाली उतरते. मी वरच्या कडेला उभी राहिले. आधी मला भिंत दिसली. काय भिंत होती! खालचे थर रुंद, वर येईल तशी मागे कललेली, एकावर एक सांधा कुठे नाही. दोन दगडांत सुरी घालायला फट नाही. माझ्या मनात आलं, गोमाजी, बघ रे, तुझा हात बघ.

भिंतीवर एक गवंडी पाठमोरा होता. अंगात बाप्याचा सदरा, डोक्याला फडकं. सुतकीचे, गवंड्याच्या हातोडीचे, दोन घाव घातले, दगडाचा कोपरा उडवला, दगड बसवला, तळव्याने हलवून बघितला. खाली दगडाची एक बारीक चीप ठोकली आणि ओळंबा सोडला. दोरी हलायची थांबेपर्यंत थांबला. हात असा सरळ की मी मनात म्हटलं, भरतने हा दुसरा गवंडी कुठून आणला?

मग तो गवंडी बाजूला वळला. सदऱ्याखाली साडी होती. हातात हिरव्या बांगड्या.

अक्षदा होती.

आणि खालून, दगडाच्या ढिगाकडून, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर घमेलं घेऊन कोणी वर चढत होतं. आमच्या वाडीतला बापया डोक्यावर चुंबळ ठेवत नाही. लाकडाचा ओंडका सुद्धा खांद्यावरून आणील, पण चुंबळ नाही. ती बाईची. त्या माणसाने घमेलं उतरवलं आणि एक दगड उचलून दाखवला.

"हा चालंल काय?"

"नाय. तोंड वाकडं हाय त्याचं. पलीकडचा द्या."

तो गेला पलीकडचा आणायला. तो माझा भरत होता.

तिथेच एका तापलेल्या दगडावर मी बसले, चटका बसला तरी उठता येईना. मला वाटलं ऊन लागलं असेल. डोळे पुसून परत बघितलं. सून वर, लेक खाली. ती मागतेय, तो देतोय.

भरतने मान वर केली. "आये!" त्याच्या हातातला दगड घमेल्यात आदळला.

मी विचारलं, "कधीपासून?"

तो वर आला. मग उजवा हात माझ्यापुढे धरला आणि मूठ मिटायला गेला. तीन बोटं मिटली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तसंच राहिलं, बाहेर, दुसऱ्या कोणाचं असल्यासारखं.

"दोन वर्षं झाली. महाडला काम होतं तेव्हा दगड घसरला."

"तू तर लचकलाय म्हणालास. मी तेल चोळलं की रे त्याला!"

"चोळलंस. मी ओरडलो नाय एवढंच." तो हसायला गेला, जमलं नाही. "वजन उचलतं, आये. पण सुतकी धरली की निसटते. डॉक्टर म्हणाला आत नस तुटलीय, आता नाय व्हायचं."

मला त्याचा चमचा आठवला. दोन वर्षं तो भात चमच्याने, डाव्या हाताने खात होता. आणि मी येईल त्याला सांगून हसत होते, मुंबईवाल्यांचं बघून आमचे साहेब चमच्याने जेवतात म्हणून. दोन वर्षं मी माझ्या लेकाच्या तुटलेल्या हाताला हसत होते. मीच वाढत होते आणि मीच हसत होते.

"मग ती शाळेची भिंत?"

"तिची."

"कापड्याच्या विहिरीचा काठ?"

"तिचाच."

"आणि देवळाचा पार?"

भरत खाली बघायला लागला. भिंतीवरून अक्षदा बोलली, "तो पण मीच बांधला, आत्याबाई. वाडी भातलावणीत होती तेव्हा. तुम्ही त्यावर नारळ फोडलात, ह्यांच्या नावाने."

त्या पारावर मी सगळ्या वाडीला पेढे वाटले होते. गोमाजीचा हात, गोमाजीचा हात, असं किती वेळा म्हटलं असेल.

"मला का नाय सांगितलंत? मी काय परकी होते?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. शेवटी भरत म्हणाला, "शिमग्यात सांगणार होतो. अक्षदा म्हणाली, आधी मी सभेत विषय काढते. आत्याबाई काय म्हणतात ते ऐकू, मग सांगू."

मी काय म्हटलं होतं ते तिघांनाही ठाऊक होतं.

तेवढ्यात दत्ताराम शेठची गाडी आली. पांढरा सदरा, हातात दोन फोन. माणूस गोड बोलतो, महाडला बरीच शाळा शिकलेला.

"अरे वा, आवडीकाकी! तुम्ही कशाला त्रास घेतलात? मीच येणार होतो."

काय काय बोलून भांडायचं ते मी रस्ताभर मनात घोकत आले होते. त्यातलं एक अक्षर आठवेना. तरी म्हटलं, "माझ्या लेकाचा रोज का तोडतोस?"

"तोडत नाहीये, काकी. हिशेबाने देतोय. आमच्या मुकादमाने, साहिलने, परवा कामाचा व्हिडिओ काढला. भिंत तर वहिनी बांधतायत. भरत डोक्यावर वाहतो. मग हाताचा रोज मी भरतला कसा देऊ?"

"मग तिला दे."

"देतो की. तुमच्या वाडीने ठरवलाय तसाच देतो." त्याने एका फोनवर बोटं फिरवली, पान मोठं केलं आणि वाचलं, "'बाई कुठलंही काम करो, बाईचा रोज पाचशे.' हे वाक्य तुमचंच आहे ना? काशीरामभाऊंनी अगदी कौतुकाने सांगितलं होतं मला."

माझंच वाक्य. त्याच्या तोंडून, शाळेतल्या मास्तरसारखं स्वच्छ. कोणी माझ्या थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं.

"भिंत बघ आधी," मी म्हटलं. "भिंतीत कुठं बाई दिसते काय?"

"भिंत एक नंबर आहे. त्यात वाद नाही. पण बाईला अकराशे दिले तर उद्या दुसऱ्या साइटवरच्या बायका माझ्या दारात उभ्या राहतील. भरतला मी सातशे देईन. पुरुष माणूस आहे, त्याला पाचशे कसे देऊ? मी काही राक्षस नाही. तुम्ही वहीच बदलली तर बघू. नाहीतर शनिवारपासून मी सिमेंटवाली टोळी आणतो."

त्याने अक्षदाला नमस्कार केला आणि गेला. परतीचं भाडं मीच भरलं.

मिनिडोरमध्ये तिघं एका बाकावर, मध्ये मी. कापड्याच्या फाट्याशी भरत म्हणाला, "आये, वाडीत सांगू नको. हात गेलेला गवंडी म्हणतील मला."

अक्षदा बाहेर बघत म्हणाली, "मला पाचशे चालतील. ह्यांचं नाव नको जायला."

"तुला चालतील गो, मला नाय चालत!" मी एवढ्याने ओरडले की ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. त्याला वाटलं कोणाला उतरायचंय.

रात्रभर मी एकच विचार करत होते. माझ्या सुनेचा हात गोमाजीच्या हातासारखा आहे, आणि त्या हाताची किंमत पाचशे मी लिहून दिली. ती शनिवारपर्यंत पुसली नाही तर कायमची राहणार.

बुधवारी उन्हं उतरायच्या आत मी काशीरामला सभा बोलवायला लावली. बापये मंडपात, बायका पायरीवर. मी बसले नाही, उभी राहिले. भरत खांबाला टेकून, हात पाठीमागे.

मी सगळं सांगितलं. हात, दोन वर्षं, शाळेची भिंत, विहिरीचा काठ, पार. काही झाकलं नाही. बोलताना मला माझाच आवाज अनोळखी वाटत होता.

मग मालोजी बोलला. तो आमच्यातला म्हातारा गवंडी, तोंडाने माझ्या तोडीचा. "म्हणजे तो पार बाईने बांधला? आणि आम्ही त्यावर बसून पान खातो?"

"मग नको बसू. नायतर जा, त्यातला एक दगड उपटून आण. निघाला तर मी सुनेला घेऊन माहेरी जाते."

"माहेरी कोण राहिलंय तुझं?" मागून कोणीतरी म्हणालं आणि मंडप हसला. मालोजी खरंच उठला. पारापाशी गेला, वाकला, दोन दगडांना हात घालून बघितलं, एकाला पायाने ढकललं. परत येऊन बसला.

"चांगला हाय," म्हणाला. एवढंच.

काशीराम वही उघडून बसला होता. "पण वयनी, ते वाक्य तूच लिहायला लावलंस ना?"

"मीच लावलं. मीच खोडायला लावते. लिही, हाताचा रोज हाताला. बाई असो नायतर बापया."

कुजबुज सुरू झाली. एक म्हणाला, उद्या सगळ्या बायका सुतकी घेऊन येतील. दुसरा म्हणाला, एका घरासाठी सगळ्या वाडीची वही कशी बदलायची?

तेव्हा मला ते कळलं, त्यांना सांगता सांगताच कळलं. "एका घरासाठी नाय रे. शेठला आता ठाऊक झालंय की पाचशेत हाताची भिंत मिळते. तो पुढच्या वर्षी तुम्हाला अकराशे कशाला देईल? बायकांना शिकवील आणि तुम्हाला घरी बसवील. मी ते वाक्य लिहिलं ना, तिथंच तुमच्या अकराशेला भोक पडलं."

काशीरामने पेन उचललं. मालोजीने मान हलवली. ती हलली तशा बाकीच्यांच्याही हलल्या. काशीरामने माझं वाक्य आडवं खोडलं आणि खाली नवीन लिहिलं. माझ्या छातीवरचा दगड उतरला. उतरला असं वाटलं.

"आणि भरतला सातशे लिहितो," काशीराम मायेने म्हणाला. "शेठ स्वतःच देतो म्हणालाय. बाप्याला पाचशे कसे चालतील?"

"लिही, लिही," मी म्हटलं.

"काय गो आवडे!"

पायरीवरून आवाज आला. साळूबाई. माझ्याच वयाची, आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या वाडीत आलो. गुडघे गेले तरी अजून घमेलं वाहते, कारण तिला वाहणारं दुसरं कोणी नाही.

"भरतचं घमेलं माझ्यापेक्षा जड असतं काय गो?"

मी उत्तर द्यायला वळले. साळूबाईला उत्तर द्यायला मला कधी वेळ लागला नाही. तोंड उघडलं. मग काशीरामच्या वहीकडे बघायला लागले.

"सांग की. त्याच दगडाच्या ढिगातून तो भरणार, त्याच ढिगातून मी. त्याला सातशे, मला पाचशे. त्याच्या डोक्यात काय सोनं हाय?"

"साळू, तो बापया हाय..." कोणीतरी मध्ये बोललं.

"तू गप रे! मी हिला विचारतेय. आवडे, चाळीस वर्षं तू माझ्या पुढं चाललीस. आणि गोमाजीला दगड निवडून कोण द्यायचं? तोंड बघून, वळवून, त्याच्या हातात? तो तर मागं बघत पण नसे, नुसता हात मागं करायचा. त्या निवडण्याचे किती दिले तुला कोणी?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. बापयेही. भरत बघत होता. गोमाजीचा मागे केलेला हात मला दिसला, तळवा वर, आणि त्यात मी ठेवलेला दगड. हजारो दगड. मी चाळीस वर्षं लोकांना सांगितलं, माझा नवरा दगडाचं तोंड ओळखतो. तो ओळखत नव्हता. मी ओळखत होते. हे मला ठाऊक होतं आणि ठाऊक नव्हतं, दोन्ही.

मी म्हटलं, "काशीराम. डोक्याचा रोज सातशे लिही. बाईला, बाप्याला, सगळ्यांना."

मंडपात गलका उठला. शेठ देणार नाय. हाताचं पण घालवशील. आधी एक होऊ दे, मग दुसरं. काशीराम पेन धरून माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने लिहिलं, पण लिहिताना म्हणाला, "वयनी, शेठ नाय म्हणाला तर तू बोलायचं. आम्ही नाय."

गुरुवारी सकाळी भरतचा फोन वाजला. मी अंगणात होते, अक्षदा सुतकीला नवा दांडा बसवत होती. भरतने फोन मोठ्या आवाजावर लावून माझ्यापुढे धरला.

"काकी, वहीचा फोटो मिळाला," शेठ म्हणाला. "मी रात्रभर विचार केला. तुम्ही मोठ्या आहात, तुमचा शब्द मोडत नाही. वहिनींना अकराशे. कबूल. भरतला सातशे. कबूल. बाकीच्या बायकांचं मात्र दिवाळीनंतर बघू. आत्ता मला परवडत नाही."

भरतचा चेहरा उजळला. दोघांचे मिळून अठराशे. आमच्या घरात एवढा रोज गोमाजीच्या वेळी सुद्धा कधी आला नव्हता. अंगणात आम्ही तिघंच. वाडीला सांगता आलं असतं, शेठ ऐकत नाही, काय करू? अक्षदाने मान वर केली नाही. दांडा ठोकायची मात्र थांबली.

मी हो म्हणायला तोंड उघडलं.

"नाय," असा आवाज आला. तो माझा होता.

"काकी, अहो तुमच्या घरचं तर सगळं झालं!"

"तेच तर. माझ्या घरचं झालं म्हणून मी गप बसायचं, आणि तू साळूला पाचशे द्यायचे. सातशे सगळ्यांना. नायतर तुझी सिमेंटवाली टोळी आण, आणि दोन पावसांनी तिच्या भिंतीचं पोट फुगलं की हॉटेलवाल्याला माझं नाव सांग, मी बघायला येते."

फोन कसा कापतात ते मला येत नाही. मी तो भरतच्या हातात कोंबला.

"आये, काय केलंस?" भरत म्हणाला.

"मला काय विचारतोस? मी अजून हो म्हणायच्या जागीच हाय."

अक्षदाने दांडा परत ठोकायला सुरुवात केली. थोड्या वेळाने आतून पाणी आणून माझ्यापुढे ठेवलं.

शुक्रवारी फोन आला नाही, कोणी कामावर गेलं नाही; शेठ काय म्हणाला ते मी वाडीला सांगितलं होतं. रोज नाही म्हणून साळूबाईच्या घरी चूल पेटली ती थेट दुपारी, मी पाहिलं. दुपारनंतर दोन बापये माझ्या दारावरून मुद्दाम मोठ्याने बोलत गेले, घरात आलेलं हिने घालवलं म्हणून. मी दार उघडं ठेवलं.

शनिवारी सकाळी वाडीची माणसं खाली रस्त्याला जमली, शेठची गाडी न्यायला येवो न येवो. बापये आंब्याखाली उभे. बायका बांधावर घमेली उपडी घालून त्यावर बसलेल्या. भरत आंब्याखाली गेला नाही. डाव्या हातात चुंबळ घेऊन आला आणि साळूबाईच्या शेजारी बांधावर बसला. सगळ्यांनी बघितलं. साळूबाईने नुसतं सरकून जागा दिली.

सातच्या सुमारास गाडी आली. ड्रायव्हरच्या बाजूने साहिल उतरला, शेठचा मुकादम, पंचविशीतला. "शेठ डोक्याला साडेसहाशे म्हणतायत! चला, बसा!"

बांधावरून एकही बाई उठली नाही. आंब्याखालचे बापये त्यांच्याकडे बघत होते, मग एकमेकांकडे, मग माझ्याकडे. मी अक्षदाकडे बघितलं.

अक्षदा पुढे झाली. "सातशे ठरलेत, साहिलभाऊ. फोन लावा."

साहिल बाजूला जाऊन फोनवर बोलला. बराच वेळ बोलला. हात हलवले, डोकं खाजवलं, एकदा फोन कानावरून काढून त्यातला भिंतीचा फोटो बघितला आणि परत काहीतरी सांगितलं. मग फोन खिशात टाकला आणि गाडीचा मागचा फाळका पाडला.

"बसा. सातशे. सगळ्यांना." आणि मग मला म्हणाला, "पण काकी, शेठ म्हणाले, यापुढे तुमच्याशी बोलणार नाहीत."

"नको बोलू म्हणावं," मी अक्षदाकडे हात करून म्हटलं. "तिच्याशी बोल."